तीन, चार आणि मधली जागा

फोटोग्राफीच्या कुठल्याही वर्गात सुरुवातीलाच एक नियम कानावर पडतो. चौकटीत वस्तू किंवा माणसं घ्यायची तर तीन, पाच अशी विषम संख्येनं घ्या. दोन, चार, सहा टाळा. माझ्या थोरल्या बहिणीचा या नियमावर पुरता विश्वास आहे. तिनं सांगलीत शाळेत चित्रकला शिकवण्यात अख्खी नोकरी काढली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या कितीतरी मुलांचे हात तिनं वळवले. माझी मुलगी पोटासाठी लग्नांचे फोटो काढते आणि मनासाठी शेतात, बाजारात, वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसांचे. तिला हा नियम मान्य नाही. दिवाळीत दोघी भेटल्या की वाद निघतो. यंदा मी तो लिहून काढला, कारण त्यात नुसत्या तीन-चाराच्या पलीकडचं काहीतरी हाती लागतंय असं मला वाटलं.

आत्या : वस्तुचित्राच्या तासाला मी टेबलावर काय मांडायचे, ते तुझ्या बाबाला विचार. तांब्या, वांगं, लिंबू. नुसता तांब्या आणि वांगं मांडलं की पोरं एक डावीकडे काढणार, एक उजवीकडे काढणार आणि कागदाच्या मधोमध भोक पाडणार. लिंबू ठेवलं की ते भोक बुजतं. नजर तांब्यावरून वांग्याकडे, तिथून लिंबाकडे आणि परत तांब्याकडे फिरत राहते. एक मोठं, एक मधलं, एक धाकटं. त्रिकोण झाला की चित्र उभं राहतं.

भाची : पण तू वस्तू मांडतेस, आत्या. मी मांडत नाही. माझ्यासमोर चार माणसं काम करत असली तर मी चौथ्याला ‘जरा बाजूला व्हा’ म्हणू?

आत्या : म्हणू नकोस. पण चार माणसं दिसली की नजर काय करते ते तर समजून घे. ती दोन-दोनाच्या जोड्या लावते आणि मोकळी होते. जोडी लागली की बघणं संपलं. तीन असले की जोडी लागत नाही, एक उरतोच. त्या उरलेल्यामुळे नजर चित्रात टिकते.

भाची : हे सगळे सांगतात. मला एक दुसरी गोष्ट जास्त पटते. विल्यम स्टॅनली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं 1871 साली एक प्रयोग छापला होता. काळ्या बिया मूठभर घ्यायच्या, पांढऱ्या डबीच्या दिशेनं टाकायच्या आणि डबीत किती पडल्या ते एका नजरेत सांगायचं. मग मोजून बघायचं. हजाराहून जास्त वेळा त्यानं हे केलं. तीन बिया असताना तो एकदाही चुकला नाही, आणि चार असतानाही एकदाही चुकला नाही. पहिली चूक झाली ती पाचाला. म्हणजे डोळ्याला तीन आणि चार सारखेच सोपे. तुझा पाचाचा आकडा मात्र डोळ्याला अवघड. मग विषम संख्या डोळ्याला आवडते, हे कुठून आलं?

आत्या : ओळखणं सोपं असणं वेगळं आणि बघत राहावंसं वाटणं वेगळं. चार ओळखता येतात, कबूल. पण ओळखल्यावर पुढं काय?

भाची : आणि सातानंतर तर तुझा नियम उरतच नाही. गणपतीच्या नैवेद्याला एकवीस मोदक असतात. ताटाचा फोटो काढला आणि त्यातला एक तू हळूच खाल्लास, तर वीस राहिले हे फोटो बघून कुणालाही कळणार नाही. तिथं मोदकांचा ढीग दिसतो. ढिगाला सम नाही, विषम नाही.

(इथं ताई थोडी थांबली. ढिगाचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो नियम सांगणाऱ्यांच्या बोलण्यात क्वचितच येतो. दहा-बारा जणांचा जमाव टिपताना मोजत बसण्यात काही अर्थ नाही. तिथं गर्दीचा आकार आणि तिच्या कडा बघायच्या.)

आत्या : बरं, ढीग सोडून दे. तीन ते सातापुरतंच बोलू. जर्मनीत माक्स वेर्टहाइमर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. 1923 साली त्यांनी नुसते ठिपके काढून दाखवले. ठिपके ओळीत मांडले आणि एक अंतर कमी, एक जास्त असं ठेवलं, की आपल्याला जोड्याच दिसतात. ठरवून वेगळं बघायचं म्हटलं तरी जमत नाही. जवळचे दोन एकमेकांना बिलगतात. चार माणसं उभी केली की हेच होणार.

भाची : थांब, हे तर तू माझ्या बाजूनं बोललीस! वेर्टहाइमरनं अंतर बदललं म्हणून जोड्या लागल्या. ठिपके किती आहेत यावर काहीच अवलंबून नव्हतं. पाच ठिपके दोन, दोन, एक असे मांडले तर तिथंही जोड्या लागतील, आणि चार ठिपके तीन आणि एक असे मांडले तर लागणार नाहीत. म्हणजे बघायची ती मधली जागा. आकडा नव्हे.

आत्या : मधली जागा आकड्यातूनच येते ना.

भाची : नाही. ती मी कुठं उभी राहते त्यातून येते.

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. पण ताई ते ऐकायला तयार नव्हती, कारण तोवर तिला दुसरंच काही आठवलं होतं. आमच्या लहानपणी तिघांचा फोटो काढायला घरात सक्त मनाई होती. तिघांचा फोटो काढला की मधला जातो, असा समज होता. स्टुडिओत तीन भावंडं गेली तर एखादीच्या हातात बाहुली द्यायची, म्हणजे चार झाले. तीन तिघाडा काम बिघाडा, पानात तीन पोळ्या वाढू नयेत, शुभकार्याला तिघांनी निघू नये, सगळं त्याच माळेतलं.

भाची : म्हणजे बघ, अख्खा समाज तीन टाळत होता आणि तुम्ही चित्रकलेची माणसं तीन धरून बसलात.

आत्या : समाज तीन का टाळत होता याचा विचार केलास? मला तर वाटतं, त्यांना तिनाची ताकद कळली होती. तिघं उभे राहिले की मधल्यावर नजर खिळते. दोघांत कुणी मधला नसतो, चौघांतही नसतो. तिघांत एक जण एकटा पडतो, उघडा पडतो. ‘मधला जातो’ ही भीती त्यातूनच आली असणार. अंधश्रद्धा खोटी, पण त्यामागचं बघणं खरं.

भाची : हे मी कधी ऐकलं नव्हतं.

आत्या : घारापुरीला जाऊन त्या सदाशिवासमोर उभी राहा. पाच मीटरहून उंच मूर्ती. सदाशिवाला पाच मुखं. चौथं मागं खडकात आहे असं समजायचं आणि पाचवं मनानं जाणायचं. कोरलीत तीनच. मधलं समोर बघणारं, शांत. एका बाजूला उग्र अघोर, दुसऱ्या बाजूला कोमल वामदेव, दोन्ही बाजूला वळलेली. शिल्पकाराकडे भिंत होती, दगड होता. तो तिनावर थांबला.

भाची : पण तिथं तीन चेहरे सारखे नाहीत ना! एक समोरून आणि दोन बाजूनं, म्हणून ते चालतं. तिन्ही समोर बघणारे, एकाच मापाचे, समान अंतरावर असते तर ते ओळीतले तीन खांब दिसले असते. तीन असून मेलेलं चित्र मी तुला आजच्या आज मोबाइलवर दाखवते: फराळाचा फोटो, पांढरी ताटली, एकसारखे तीन लाडू ओळीनं. नियम पाळलाय. बघवत नाही.

आत्या : त्यातला एक फोडून ठेवायचा.

भाची : मग नजर फोडलेल्या लाडवाकडे जाते. चार लाडवांतला एक फोडला तरी तिकडंच जाईल.

इथून दोघी नावाजलेल्या फोटोंवर आल्या. माझी मुलगी पुस्तकं काढून बसली. जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडरनं 1914 साली वेस्टरवाल्ड भागात काढलेला तीन तरुण शेतकऱ्यांचा फोटो ताईनं आधी उचलला. ठेवणीतले कोट, हॅट, हातात काठ्या. नाचाच्या कार्यक्रमाला निघालेत आणि वाटेत वळून कॅमेऱ्याकडे बघतायत.

आत्या : हा घे. तीन. अजून काही सांगायला हवं?

भाची : नीट बघ. तिघं आहेत कुठं? दोघं जवळजवळ, ताठ, काठ्या टेकून. तिसरा मागं, हॅट तिरकी, तोंडात सिगारेट. हा दोन आणि एकाचा फोटो आहे. तिसरा त्यांच्याइतकाच ताठ, त्यांच्याइतकाच जवळ असता तर हा फोटो आज कुणी पाहिला नसता. आणि हा बघ, बीटल्सचा ॲबी रोड. 8 ऑगस्ट 1969. इयन मॅकमिलन शिडीवर चढला होता, पोलिसानं रहदारी थोडा वेळ अडवली होती, सहा फ्रेम काढल्या. पाचवी कव्हरवर गेली. चार माणसं रस्ता ओलांडतायत. चार! तुझ्या नियमाला हा कसा चालतो?

आत्या : (बराच वेळ बघून) तिघांचं एक पाऊल पुढं आहे. पॉल मॅकार्टनीचं दुसरं. आणि तो अनवाणी आहे.

भाची : म्हणजे?

आत्या : म्हणजे तीन आणि एक. दोन-दोनाची जोडी लागतच नाही. माझा नियम इथंही आहे, फक्त तो माणसांच्या संख्येत नाही, पावलांत आहे.

भाची : झांडरच्या तिघांत मला दोन आणि एक दिसले, बीटल्सच्या चौघांत तुला तीन आणि एक दिसले. मग उरलं काय दोन्हींत सारखं? एक वेगळा. विषम काय, सम काय!

आत्या : आणि डोरोथिया लँगची ती आई?

1936, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणा तोडायला आलेल्या मजुरांचा तळ. ‘मायग्रंट मदर’ या नावानं जग तो फोटो ओळखतं. आई, मांडीवर तान्हं, दोन्ही खांद्यांना टेकलेली दोन पोरं. माणसं चार. पण त्या दोन पोरांनी तोंडं फिरवलेली आहेत, तान्हं अर्धं झाकलेलं आहे. दिसतो तो एकच चेहरा, गालाशी हात नेलेल्या आईचा. दोघींनी मिळून हे बघितलं आणि प्रथमच वाद न घालता गप्प राहिल्या. डोकी मोजली तर चार येतात, पण फोटो बघणाऱ्याला भेटतो एकच माणूस. मला विचाराल तर मोजायचंच असेल तर डोकी मोजू नयेत. डोळ्याला स्वतंत्र म्हणून किती आकार भेटतात ते मोजावं.

भाची : आता मी तुला दोन दाखवते. डायान आर्बस, न्यू जर्सीतल्या जुळ्या बहिणी. एकसारखे फ्रॉक, एकसारख्या केशपट्ट्या, खांद्याला खांदा. एकीच्या ओठांवर किंचित हसू, दुसरीच्या नाही. इथं तिसरं काही आणलंस तर सगळं गेलं. नजर दोघींमध्ये येरझाऱ्या घालते आणि कुठंच थांबत नाही. तू म्हणालीस जोडी लागली की बघणं संपतं. इथं जोडी लागल्यावर बघणं सुरू होतं.

आत्या : हा मला मान्य आहे. पण का, ते सांगते. जोडी हाच तिथला विषय आहे. जुळ्या, नवरा-बायको, दोन पैलवान, सवाल-जवाब. विषयच दोघांचा असेल तर दोन घ्यावेत. मी म्हणते ते एवढंच, की नकळत दोन पडू नयेत.

भाची : हे तू आधी बोलली असतीस तर मी वाद घातलाच नसता.

आत्या : घातला असतास.

मग हळदीच्या शेतातला फोटो निघाला. पावसाळ्यात सांगलीजवळ भांगलणीला बसलेल्या बायकांचा. हळदीचं पीक गुडघ्याच्या वर, सरीत चार जणी वाकलेल्या, हातात खुरपी. चौथी उजव्या कडेला, वयानं इतरांपेक्षा खूप लहान, शाळेच्या वयाची. ताईनं तळहात ठेवून तिला झाकलं आणि म्हणाली, बघ, आता कसा बसला.

भाची : तो हात काढ, आत्या. ती त्या दिवशी शेतात होती. तिच्या वयामुळेच मी तिथं थांबले. तिला कापलं तर उरतं काय, तीन बायका आणि छान त्रिकोण?

आत्या : अगं, मी कडेनं कातरायचं म्हणते. फोटो खोटा करायचं नाही म्हणत.

भाची : हल्ली मोबाइलवर बोट फिरवलं की माणूस पुसला जातो, मागं पिकाचं हिरवं आपोआप भरलं जातं. बातमीच्या फोटोत हे चालत नाही. 2010 साली वर्ल्ड प्रेस फोटोत पारितोषिक मिळालेली एक अख्खी मालिका बाद झाली, कारण एका फोटोतून मागच्या माणसाच्या पावलाचा तुकडा पुसला होता. नुसता पावलाचा तुकडा! कातरणं हे पुसण्याइतकं वाईट नाही, मला माहीत आहे. पण चार मोजून तीन करायच्या हेतूनं कातरलं तर माझ्या लेखी फारसा फरक नाही.

मुलगी लॅपटॉप घेऊन आली. त्याच सरीतल्या बाकीच्या फ्रेम तिनं एकामागून एक दाखवल्या. हा भाग मी तपशिलानं सांगतो, कारण फोटोग्राफी ही चित्रकलेपासून नेमकी इथं वेगळी होते. पहिल्या फ्रेममध्ये ती बांधावर उभी होती, लांबून मोठ्या लेन्सनं काढलेला फोटो. चौघीही जवळजवळ सारख्या मापाच्या, अंतरं सारखी, कुंपणाच्या खांबांसारख्या. दुसरीत ती सरीत उतरली आणि 35 मिलिमीटरची लेन्स लावून पहिल्या बाईच्या जवळ गेली. जवळची मोठी झाली, मागच्या तिघी लहान झाल्या आणि एकमेकींकडे सरकल्या. शेतात कुणीही जागा सोडली नव्हती. तिसऱ्या फ्रेमला ती दोन पावलं डावीकडे गेली, तर दुसरी आणि तिसरी बाई एकमेकींवर आल्या. पाठींचा एकच बाक दिसायला लागला. बायका चार, आकार तीन. चित्रकार लिंबू उचलून ठेवतो. फोटो काढणाऱ्याला उचलता येतात ते स्वतःचेच पाय.

आत्या : ही तिसरी घे. हिच्यात चौघी आहेत आणि तीनही आहेत. तुझंही राहिलं, माझंही राहिलं.

भाची : नाही, ही घेणार नाही. ही बघायला बरी आहे, पण दोन पाठी एक झाल्या की एक बाई हरवते. तिच्या वाट्याची मजुरी काय निम्मी होती? ही चौथी बघ.

चौथ्या फ्रेममध्ये ती शाळेच्या वयाची पोर कंबर धरून उभी राहिली होती. तिघी वाकलेल्या, एक ताठ. बाकी सगळं पहिल्या फ्रेमसारखंच, तीच अंतरं. तरी खांबांची ओळ पार मोडली होती.

आत्या : हा फोटो होतो, कारण वाकलेल्या तीन आहेत. दोन वाकलेल्या आणि दोन उभ्या असत्या तर तो गेला असता.

भाची : हा फोटो होतो, कारण उभी एक आहे. वाकलेल्या तीन असोत, पाच असोत, सहा असोत.

मला इथं मुलीचं पटतं. सहा वाकलेल्या आणि एक उभी असती तरी फोटो झाला असता. सात वाकलेल्या आणि एक उभी, म्हणजे आठ, तरी झाला असता. पण ताईच्या बोलण्यातही एक खरं आहे आणि ते मी सोडणार नाही: दोन-दोन अशी समसमान विभागणी झाली की फोटो वजन करत बसतो, कुठंच झुकत नाही.

जपानी कलेचा दाखला विषम संख्येच्या बाजूनं नेहमी दिला जातो. इकेबानात तीन मुख्य रेषा असतात, हे खरं. क्योटोच्या र्योआन्जी मंदिरातल्या दगडांच्या बागेत पंधरा दगड आहेत, तेही विषम. पण ते पाच पुंजक्यांत मांडलेत: पाच, दोन, तीन, दोन, तीन. दोनाचे पुंजके तिथं बिनधास्त बसलेत. त्याच शहरातल्या दाइतोकुजी मंदिरात मूची या तेराव्या शतकातल्या चिनी भिक्षूचं शाईचं चित्र आहे, सहा पर्सिमॉन फळांचं. सहा! पाच साधारण एका ओळीत, एक खाली सुटं. मधलं एक गडद, कडेची दोन नुसती फिकट बाह्यरेषेची. मुलीनं हे चित्र दाखवलं तेव्हा ताईनं लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ पुढं केलं. तेरा माणसं, येशू मधे एकटा आणि बारा शिष्य तिघातिघांच्या चार गटांत.

आत्या : बघ, लिओनार्दोनंही बाराचे तीन-तीन केले.

भाची : आणि गट किती केले? चार. दोन इकडे, दोन तिकडे.

आत्या : मधला धरून पाच!

भाची : आत्या, तुला पाहिजे तिथं तू मोजायला सुरुवात करतेस आणि पाहिजे तिथं थांबतेस.

आत्या : मग तू लग्नात काय करतेस ते सांग. तिथं तर सगळं सम. नवरा-नवरी दोन, व्याही-विहीण दोन-दोन.

भाची : लग्नात सगळ्यात सोपा फोटो अंतरपाटाचा. दोघंच असतात, पण मधे कापड असतं. मधली जागा तिथं आयती दिसते, पांढरी, कुंकवाच्या स्वस्तिकाची. अंतरपाट काढला की अवघड सुरू होतं. दोघं हार घेऊन समोरासमोर आणि मधे मोकळी हवा. तेव्हा मी हात बघते. दोघांचे हात वर गेले आणि हार अजून पडला नाही, त्या क्षणी मधल्या जागेत काहीतरी असतं.

आत्या : आणि चौघांचं कुटुंब? आई, बाप, दोन पोरं? ते टाळता येत नाही. निम्मी गिऱ्हाइकं तीच असतील तुझी.

भाची : त्यांना ओळीत उभं करत नाही. धाकटं आईच्या कडेवर किंवा मांडीवर, चेहऱ्याला चेहरा लागेल इतकं जवळ. बाप अर्धं पाऊल मागं. थोरलं पोर दुसऱ्या बाजूला, बापाच्या हाताच्या अंतरावर. चार माणसांत तीन जागा असतात. एक बंद करते, एक अरुंद ठेवते, एक रुंद ठेवते.

आत्या : म्हणजे आई आणि धाकटं एक, बाप दोन, थोरलं तीन. तीनच केलेस.

भाची : तू माणसं मोजलीस. मी जागा मोजल्या.

आत्या : बेंदराला ये गावाकडे. बैलजोडी आणि मालक, याचा एक तरी धड फोटो काढून दाखव. तीन आहेत, नियमात बसतं, तरी दरवर्षी सगळ्यांचे फोटो एकसारखे येतात.

भाची : कारण मालक दोन्ही कासरे धरून बरोब्बर मधे उभा राहतो. डावीकडची जागा आणि उजवीकडची जागा सारखी. मी त्याला एका बैलाच्या मानेला हात लावायला सांगेन, शिंगाला रंग कुठला दिलाय ते विचारेन. तो तिकडं सरकला की दुसऱ्या बैलाच्या बाजूला जागा मोकळी होते.

आत्या : आणि दुसरा बैल तसाच समोर बघत राहिला तर?

भाची : तर मी त्या बाजूला जाऊन उभी राहीन. तो माझ्याकडे बघेल.